बाबांचा पाय आणि कडक ब्रेक

आमच्या बाबांच्या तोंडी एक शब्द कायम असतो, कडक. चहा आवडला की कडक, सदऱ्याची इस्त्री कडक, आईने केलेली सुकटाची चटणी कडक. माझा नवरा लग्नाआधी पहिल्यांदा घरी आला तेव्हा बाबांनी त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने आईला सांगितलं होतं, "पोरगा कडक आहे." मुंबईच्या आसपास वाढलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. पण याच शब्दापायी आमच्या घरची पिकअप विकली जायची वेळ आली होती. ती हकीकत मी इतक्या जणांना सांगितली आहे की नवरा म्हणाला, एकदाची लिहून टाक, म्हणजे माझे कान मोकळे होतील.

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर होते. रिटायर झाल्यावर चार दिवस घरी बसले आणि पाचव्या दिवशी आईने फोडणीत मोहरी किती टाकावी हे तिला सांगायला लागले. त्यानंतर पिकअप घ्यायला आईनेच सर्वांत जास्त जोर लावला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून पलंग, कपाटं, सोफे उचलायचे आणि बदलापूरच्या नव्या नव्या फ्लॅटमध्ये पोचवायचे, हा धंदा. बदलापुरातल्या शिरगावात इतक्या बिल्डिंगी उभ्या राहतात की बाबांना कधी काम कमी पडलं नाही. बहुतेक घरं नव्याने लग्न झालेल्यांची. पलंग वर चढला की नवरी चहा विचारते, नवरा हमालांना पाणी देतो, आणि सोफा दारातून आत जात नाही तेव्हा बाबा तो कसा तिरका करायचा ते सांगतात. 'अर्धं शिरगाव माझ्या पलंगावर झोपतं,' असं ते आल्यागेल्याला सांगायचे. आई म्हणायची, अहो, निदान पाहुण्यांसमोर तरी असं बोलू नका.

एवढी वर्षं कारखान्यात गेली, पण बाबांना शीळ घालत घरी येताना मी पाहिलं ते पिकअप घेतल्यावर. आमच्या अंबरनाथ पश्चिमच्या गल्लीत गाडी वळली की आधी शीळ ऐकू यायची. माझं सासर दोन गल्ल्या सोडून आहे, तिथेसुद्धा मला ती कळायची.

पिकअपचा खरा थाट एप्रिलमध्ये, जयंतीच्या मिरवणुकीत. आमच्या विहारापासून निघणाऱ्या मिरवणुकीत पुढची गाडी बाबांची. तिच्यावर फुलांची कमान, निळे झेंडे, रोषणाईच्या माळा. माळांना वीज हवी म्हणून बॉनेटखालून बॅटरीपर्यंत वायर ओढलेल्या. आणि या वायर बांधायला दुसरं कुणी नाही, आमची आई. आईच्या गाठीबद्दल सांगायलाच हवं. तिने बांधलेलं काही सुटत नाही. मला डबा बांधून दिला तर ऑफिसात तो कात्रीने उघडावा लागायचा. माझ्या लहानपणी तिने माझ्या परकराची नाडी बांधली की शाळा सुटेपर्यंत मला बाथरूमला जायची सोय नसायची. लोंबकळणारी वस्तू तिला बघवत नाही. मिरवणुकीच्या दुपारी ती बॉनेटमध्ये अर्धी वाकून, हातात निळ्या फितीचं रीळ घेऊन, जी वायर दिसेल ती आवळत होती. बाबा बाजूला उभे राहून म्हणत होते, "कडक! एकदम कडक!" रात्री माळा उतरल्या, झेंडे घडी करून ठेवले, वायर मात्र पुढच्या वर्षी लागतीलच म्हणून तशाच राहू दिल्या.

मे महिन्यात बाबांची शीळ थांबली.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. ते घरी आले की गुपचूप पलंगावर बसून उजवा पाय दाबायचे. आईने विचारलं तर 'काही नाही, ऊन आहे' म्हणायचे. मग एक दिवस बाथरूमच्या खिडकीत मला तेलाची बाटली सापडली, सांधेदुखीचं, लालभडक लेबलाचं. त्यानंतर गुडघ्याला चढवायचे ते लवचिक मोजे आले. मग मिठाची गरम पुरचुंडी. मग सकाळी चालणं. अखेर मी त्यांना पकडलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, काय होतंय ते नीट सांगा, नाहीतर मी इथून उठणार नाही. मला तोंड आहे आणि ते बाबांकडूनच आलंय, त्यामुळे त्यांनी फार ताणलं नाही.

"बाय, पाय गेला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"सकाळी निघालो की ब्रेक बरोबर लागतो. पण बाजारातल्या गर्दीत शिरलो, चार वेळा ब्रेक मारला, की पाय दमतो. पेडल दाबलंच जात नाही. उभं राहून दाबावं लागतं. मग मोकळा रस्ता लागला, पायाला जरा आराम मिळाला, की पुन्हा नीट."

"गाडी दाखवली का?"

"गाडीला काय झालंय? परवाच ब्रेकचे नवे लायनर टाकले. मेकॅनिकने फोन करून विचारलं पण, दादा, ब्रेक कैसा है? मी म्हटलं, कडक. खोटं कशाला सांगू? कडकच आहे." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हिशेब मांडावा तसं म्हणाले, "गाडी सहा वर्षांची. पाय पासष्ट वर्षांचा. आता दोघांत कोण बिघडलं असेल, तूच सांग."

मी म्हटलं, तीन मजले कपाट घेऊन चढता तेव्हा कुठे जातो हा पाय? तर त्यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं. जिना चढायला ताकद लागते, ब्रेक दाबायला नस लागते, आणि त्यांची नस गेली होती. ही नस कोणती, कुठे असते, ते त्यांनाही माहीत नव्हतं. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर ती छोटी हातोडी मारली तर बाबांचा पाय असा उडाला की डॉक्टरांची फाईल खाली पडली. ते म्हणाले, पाय ठणठणीत आहे. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "त्यांना कुठे पिकअप चालवायची असते?"

मग ती खुर्ची आली. जून संपत आला होता. फर्निचर बाजारात नेहमीची गर्दी, आणि एक माणूस डायनिंगची खुर्ची उलटी डोक्यावर घेऊन, पाय वर, काही न बघता गाडीच्या पुढ्यात आला. बाबांनी ब्रेक दाबला. पेडल हललं नाही. ते दोन्ही पायांनी पेडलवर उभे राहिले, सीटवरून उठून, डोकं टपाला टेकेपर्यंत. गाडी थांबली ती त्या माणसापासून वीतभर अंतरावर. त्याने खुर्ची खाली ठेवली, बाबांना भरपूर शिव्या घातल्या, खुर्ची परत डोक्यावर घेतली आणि निघून गेला. बाबांनी गाडी बाजूला लावली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले, असं नंतर आईला सांगितलं.

त्या संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "गाडी काढून टाकू. आज खुर्ची होती."

मला माझ्या बापाचं वय त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. पैशाची चिंता नव्हती, पेन्शन होती, माझा भाऊ पुण्यात नीट कमावतो. पण गाडी गेली की बाबा पुन्हा स्वयंपाकघरात येऊन मोहरी मोजणार, आणि या वेळी मनात हे घेऊन की आपल्या पायावर आता भरवसा ठेवता येत नाही. हे मला सहन होत नव्हतं.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. बदलापूरजवळच्या जांभूळ गावचा एक शेतकरी, तिशीतला, अंगाने पैलवान. दंड असे की आमच्या दारातून तो सोफ्यासारखा तिरका होऊनच आत आला. भाजी बाजारात न्यायला त्याला गाडी हवी होती. माणूस चांगला होता, आईच्या हातचा चहा बशीत ओतून प्यायला, तेव्हाच आईला पसंत पडला. मग तो, बाबा आणि मी विहारामागच्या मैदानावर गेलो. तो गाडी चालवायला बसला, बाबा शेजारी, मी बाहेर छत्री घेऊन उभी.

त्याने एक फेरी मारली. दुसऱ्या फेरीत त्याला ब्रेक तपासायचे होते, म्हणून गाडी जोरात घ्यायचा आणि थांबवायचा, परत घ्यायचा आणि थांबवायचा. मला तो गाडीच्या खिडकीतून दिसत होता. तिसऱ्या की चौथ्या वेळी तो सीटवरून उठला. चांगला वीतभर. मानेच्या शिरा टरारल्या, ओठ आत गेले. गाडी थांबली. तो खाली उतरला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "काका, गारी मना पसंत हाय. ब्रेक त जाम कडक हाय!"

"कडकच आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडलेलाच होता.

दोघं एकच शब्द बोलले. एकाला वाटलं तारीफ चालली आहे, दुसऱ्याला वाटलं आपल्या पायाची गोष्ट चालली आहे. रविवारी येऊन गाडी घेऊन जातो, असं ठरलं. बाबांनी त्याचा हात हातात घेतला, सांभाळून चालव म्हणाले आणि तो गेला. मी मात्र छत्री मिटून पावसात तशीच उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर तो पैलवान सीटवरून उठताना दिसत होता. याची पण नस गेली?

घरी आल्यावर मी बाबांकडे किल्ली मागितली. गाडी दारातच उभी होती. मी ड्रायव्हरच्या जागी बसले, इंजिन सुरू केलं आणि ब्रेक दाबला. लोण्यासारखा खाली गेला. बाबा खिडकीत उभे. म्हणाले, "बघ. तुझा पाय तरणा आहे." त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मी गाडी बंद करून उतरणारच होते. पण मी हट्टी आहे. पुन्हा दाबला. पुन्हा. तिसऱ्यांदा पेडल अर्ध्यात अडलं आणि चौथ्यांदा म्हणजे पाट्यावर पाय ठेवल्यासारखं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून जोर लावला, चप्पल निसटली, पेडल ढिम्म.

मी पाय काढला. थोडी थांबले, आईशी दोन वाक्यं बोलले, परत दाबला. लोणी.

"बाबा," मी ओरडलेच, "पाय दमत नाहीये! गाडी दमतेय!"

बाबांना ते पटेना. ते म्हणाले तू बायकांची जात, तुला सवय नाही. यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईने मात्र पदर खोचला, मला खाली उतरवलं आणि स्वतः चढून बसली. तिलाही तेच. पहिले दोन नीट, मग पाटा. एवढ्यात शेजारच्या काकू आल्या, समोरचे भाऊ आले, आणि आमच्या गल्लीत काहीतरी चाललंय हे कळायला वेळ लागत नाही, त्यामुळे बघता बघता पिकअपच्या दाराशी रांग लागली. प्रत्येकाला ब्रेक दाबून बघायचा होता. कोपऱ्यावरचा एकजण रोज जिमला जातो आणि बाही दुमडून हिंडतो. त्याचा नंबर नेमका दोघांनंतर आला. त्याने ऐटीत पाय ठेवला, आणि पेडल जागचं हलेना. तो लालबुंद होऊन खाली उतरला आणि गाडीचं डिझाईनच चुकीचं आहे असं सांगू लागला. त्याचं सांगून होईपर्यंत समोरच्या भाऊंच्या आईला दोघांनी हात धरून वर चढवलं होतं. ऐंशीच्या आसपासच्या, काठी घेऊन चालणाऱ्या. त्यांनी पायातली स्लिपर काढली, हळूच पेडलवर पाय ठेवला आणि ते तळाला गेलं.

"हे एवढंच होय?" त्या म्हणाल्या.

गल्ली अशी हसली की विहारातल्या लोकांनी बाहेर येऊन विचारलं काय झालं. जिमवाला त्या दिवसापासून पूर्ण बाहीचा शर्ट घालतो, असं माझं म्हणणं आहे. आणि मी बाबांना विचारलं, "आता काय म्हणता? अख्ख्या गल्लीचा पाय गेला?"

बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे, मग गाडीकडे बघत होते. बऱ्याच आठवड्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला. मशीनवर चिडलेला कारागीर दिसतो तसा राग. मला तो बघून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी आम्ही उल्हासनगरला गेलो. मी सुट्टी टाकली. आईला पडद्याचं कापड घ्यायचं होतं म्हणून तीही मध्ये बसली, पण तिला कापडापेक्षा निकाल ऐकायचा होता हे उघड होतं. बाबा इतकी हळू गाडी चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते, आणि प्रत्येक ब्रेकनंतर मोठ्याने सांगत होते, "एक. नरम. दोन. नरम. तीन, हां, आला बघ कडक."

बाबांचा मेकॅनिक सिंधी आहे, बाबांच्याच वयाचा. बाबा त्याला साईं म्हणतात, तो बाबांना दादा. गॅरेज म्हणजे पत्र्याखालची एक जागा आणि पुढे रस्त्यावर जेवढ्या गाड्या मावतील तेवढ्या.

"क्या हुआ दादा?"

"साईं, ब्रेक कडक झालाय."

"अरे वा! मग मिठाई घेऊन यायची ना!"

"तसा कडक नाही हो," मी मध्ये पडले. "दाबलाच जात नाही."

साईं आधी माझ्याकडे आणि मग बाबांकडे बघत राहिला. "तो फोन पे क्यों बोला कडक? मैं समझा, नवीन लायनर, ब्रेक एकदम मस्त!" बाबा म्हणाले, मी कडकच बोललो होतो. साईं म्हणाला, हां, आणि मी पण कडकच ऐकलं. मग दोघं एकमेकांवर चिडून एकाच वेळी बोलू लागले. आईने शेवटी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दोघांमध्ये धरली, तेव्हा थांबले.

साईंने बाबांना सीटवर बसवलं. इंजिन बंद. "आता दाब. दाबत राहा." बाबांनी चार-पाच वेळा ब्रेक दाबला, पेडल घट्ट झालं. "आता पाय तसाच ठेव, जोर दे. हां. चालू कर." त्याने आम्हाला समजावलं की ब्रेकच्या पेडलपुढे एक गोल डबा असतो, बूस्टर. इंजिन चालू झालं की त्याचा पंप त्या डब्यातली हवा एका रबरी पाईपमधून खेचून घेतो, आणि मग तो डबा पायाला मदत करतो. सगळं ठीक असेल तर गाडी चालू होताक्षणी पेडल पायाखाली आपोआप थोडं बसतं. मदत नसेल तर माणसाने कितीही जोर लावू दे.

बाबांनी किल्ली फिरवली. आम्ही सगळे त्यांच्या पायाकडे बघत होतो.

"गेला खाली?"

"नाही," बाबा म्हणाले. मग, "थांब. जातोय. हळूहळू जातोय."

"हळूहळू?" साईंने मान डोलावली. "मतलब डबा फाटला नाही, पंप मेला नाही. हवा खेचतोय, पण बैलगाडीने. रस्त्यात कोणीतरी बसलंय." म्हणजे डब्यातली ताकद दोन-तीन ब्रेकमध्ये संपत होती, आणि परत भरायला वेळ लागत होता. मोकळ्या रस्त्यावर तेवढा वेळ मिळायचा, बाजारात मिळायचा नाही. म्हणूनच ते हुबेहूब पाय दमल्यासारखं वाटत होतं.

साईंने बॉनेट उघडलं, टॉर्च हातात घेतला आणि पाईप चाचपत निघाला. पंपाकडून डब्याकडे, बोटांनी, डोळे दुसरीकडेच. अर्ध्या वाटेत त्याची बोटं थांबली.

"दादा, ये क्या है?"

आम्ही वाकून बघितलं. दोन वायर आणि तो काळा रबरी पाईप, तिघांना एकत्र करकचून आवळलेली एक फीत. काजळी बसलेली, पण खाली रंग दिसत होता. निळा.

मग मागून आईचा आवाज आला.

"अगंबाई, ती माझी गाठ आहे."

बाबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मी तर खाली रस्त्यावर बसलेच, हसून हसून पोटात कळ आली. जयंतीच्या रोषणाईची वायर लोंबकळू नये म्हणून आईने शेजारी जे मिळालं त्याला ती बांधली होती, आणि शेजारी मिळाला ब्रेकचा पाईप. साईंच्या म्हणण्याप्रमाणे एप्रिलमध्ये काही झालं नसणार. पण मे महिन्याच्या उन्हात इंजिनाच्या धगीने रबर मऊ पडलं आणि गाठ त्यात रुतत गेली, पाईप चिमटत गेला. दुसऱ्या कुणाची गाठ असती तर कधीच सैल झाली असती.

"भाभी," साईं म्हणाला, "इतना टाईट तो कंपनीवाला भी नहीं बांधता."

त्याने पकड आणली तर आईने त्याला थांबवलं. "कापू नका. चांगली फीत आहे." तिने बांगडीतली सेफ्टी पिन काढली, चष्मा चढवला आणि बॉनेटमध्ये वाकली, तशीच, एप्रिलमध्ये वाकली होती तशी. बाबा तिच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. त्यांना एवढ्या आठवड्यांबद्दल बोलता येण्यासारखं किती काही होतं, पण ते फक्त म्हणाले, "हळू कर गं, हात भाजेल." गाठ सुटली. पाईपला त्या जागी अशी कंबर आली होती की तो पुन्हा फुगेना. साईंने तो काढला आणि नवा बसवला.

"बस दादा. परत तसंच कर."

बाबा चढले. इंजिन बंद, चार-पाच वेळा पेडल, मग पाय रोवून धरला. या वेळी ते पेडलकडे बघत नव्हते, स्वतःच्या पायाकडे बघत होते. किल्ली फिरवली.

पेडल खाली बसलं. एकदम, पायाखालून.

"गेला!" बाबा ओरडले. "खाली गेला! साईं, गेला!" पुन्हा दाबला, पुन्हा, पाच वेळा, सहा वेळा, दरवेळी नरम. "अंगठ्याने! हे बघ, नुसत्या अंगठ्याने!" त्यांनी चप्पल काढून खरंच अंगठ्याने दाबून दाखवला. मग तिथेच बसल्या बसल्या पॅन्ट वर करून गुडघ्याचा मोजा काढला आणि दाराबाहेर भिरकावला. तो एका स्कूटरच्या आरशावर जाऊन लटकला. आईने जाऊन तो आणला, झटकला आणि पिशवीत टाकला. चांगला आहे, म्हणाली, मला होईल.

मला रडू आलं. आनंदाचं होतं, पण रडूच. बाबांनी ते बघितलं आणि लगेच तोंड फिरवून साईंशी भांडायला सुरुवात केली, की यापुढे फोनवर कडक हा शब्द दोघांनीही वापरायचा नाही.

परत येताना त्यांनी मुद्दाम फर्निचर बाजारातून गाडी घातली. कुणी आडवं आलं की खूश व्हायचे आणि ब्रेक मारायचे. आई म्हणाली, पुरे करा आता, पडद्याच्या कापडाचं दुकान मागे गेलं. आमच्या गल्लीत गाडी वळली तेव्हा शीळ सुरू होती, आणि समोरच्या भाऊंच्या आई खिडकीतून काठी वर करून विचारत होत्या, झालं का नीट?

शनिवारी बाबांनी जांभूळच्या त्या पैलवानाला फोन लावला. मी शेजारीच होते, फोन स्पीकरवर होता. शब्द दिलेला मोडायचा होता, म्हणून बाबा जरा अवघडले होते.

"भाऊ, माफ कर. गाडी मी विकत नाही आता. ब्रेकमध्ये फॉल्ट होता."

"फॉल्ट? त्या दिवशी त एकदम कडक होते काका!"

"तोच फॉल्ट होता," बाबा म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पाय, तेल, मिठाची पुरचुंडी, खुर्ची, गल्लीतली रांग, आईची गाठ. पलीकडून नुसतं खाकरणं ऐकू आलं. मला वाटलं माणूस रागावला. बाबांनाही तसंच वाटलं असावं, ते म्हणाले, "दुसरी गाडी बघून देतो मी तुला, चांगली. मी स्वतः येतो बघायला."

"तसा नाय काका," पलीकडून हळू आवाज आला. "मी त्या दिवशी घरी गेलो न पायाला तेल लावला. रोज लावतंय. कोनाला सांगला नाय."